ललिता बाबर : मुंबईतली हॅट्‌ट्रिक मागे ठेवून अडथळ्यांकडे वळलेली धावपटू

माणगंगाकाठ

१५ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या घरात कोणीही जेवायला बसायला तयार नव्हते. रिओमध्ये तेव्हा सकाळ होती आणि महिलांच्या ३,००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या प्रकाराची, अंतिम शर्यत सुरू होणार होती. अठरा जणींच्या त्या घोळक्यात माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर उभी होती. ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत शर्यत संपवून ती दहावी आली. ती शर्यत अनेकांना आठवते आणि तिच्याविषयी बरेच लिहिलेही गेले आहे. माझ्या मते तिच्या कारकिर्दीला कलाटणी देणारा निर्णय मात्र त्याआधी अडीच वर्षांपूर्वीच झाला होता. त्या निर्णयाविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

ललिताचा जन्म २ जून १९८९ चा. सातारा जिल्ह्यातला असला तरी माण तालुका कृष्णाकाठच्या उसाच्या साताऱ्यापेक्षा फार वेगळा आहे. पावसाळ्यात ढग महाबळेश्वराला रिते होतात आणि दहिवडीपर्यंत पोहोचतो तो बहुधा नुसता वाराच. अशा कोरडवाहू मुलखातल्या शेतकरी कुटुंबात ती वाढली, शाळेच्या वयातच लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागली आणि २००५ मध्ये पुण्यात झालेल्या वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि २०१२, २०१३ व २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. ‘माणदेशी एक्सप्रेस’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते याच काळात.

आता क्षणभर तिच्या जागी उभे राहून पाहावे. वय चोवीस, देशातल्या सर्वांत गाजलेल्या मॅरेथॉनमध्ये हॅट्‌ट्रिक, हाताशी नोकरी, आणि गावात सत्कार. अशा वेळी बहुतेक जण चौथ्या विजयाच्या तयारीला लागले असते. ललिताने मात्र बेचाळीस किलोमीटरची ओळख बाजूला ठेवून तीन किलोमीटरच्या शर्यतीवर लक्ष केंद्रित केले, आणि तीही साधी नव्हे, तर पस्तीस वेळा लाकडी अडसर ओलांडायला लावणारी. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालेल्या इंचिऑन आशियाई क्रीडा स्पर्धेत ९:३५.३७ अशी वेळ देऊन तिने कांस्यपदक मिळवले आणि सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सुधाचा तो विक्रम ९:४७.७० चा होता, म्हणजे एका उडीत बारा सेकंदांहून अधिक सुधारणा झाली होती. त्या शर्यतीचा निकालही सरळ लागला नाही. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेटला मार्गिकेच्या आत पाऊल पडल्याच्या कारणावरून आधी बाद करण्यात आले आणि अपिलानंतर तिचे सुवर्ण तिला परत मिळाले. त्यामुळे अगदी थोड्या फरकाने चौथी आलेली सुधा पदकापासून वंचित राहिली.

पुढच्या जूनमध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ललिताने ९:३४.१३ वेळेसह सुवर्ण जिंकले. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत तिने ९:२७.८६ अशी वेळ नोंदवली आणि अंतिम फेरीत ती आठवी आली. जागतिक स्पर्धेत या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या फेडरेशन चषकात ९:२७.०९. त्यानंतर महिनाभरातच सुधा सिंगने शांघायला ९:२६.५५ धावून विक्रम पुन्हा आपल्याकडे घेतला, आणि ऑगस्टमध्ये रिओच्या प्राथमिक फेरीत ललिताने ९:१९.७६ ही वेळ देऊन तो परत मिळवला. दोघी एकाच गुरूच्या हाताखाली सराव करत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या चढाओढीचे मोल कळते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र वेगळीच शर्यत. १८ जानेवारी २०१५ रोजी ललिता पुन्हा मुंबई मॅरेथॉन धावली. स्टीपलचेसच्या सरावात वर्ष घालवून आलेल्या या मुलीने या वेळी २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद घेतले. आदल्या वर्षी ती जिंकली होती ती सुमारे २ तास ५० मिनिटांत. मॅरेथॉनचा हट्ट सोडल्यावर मॅरेथॉनच बारा मिनिटांनी सुधारली, आणि तरीही ती भारतीय महिलांत दुसरी आली, कारण ओ. पी. जैशाने २:३७:२९ वेळ देऊन एकोणीस वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला होता. तिसरी आलेली सुधा सिंग होती. या दुसऱ्या क्रमांकाला मी तिच्या आधीच्या तिन्ही विजयांपेक्षा वरचे स्थान देतो. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

पहाटधाव

धागा फार चांगला आहे. मी गेली काही वर्षे मुंबईत अर्धमॅरेथॉन धावतो, त्यामुळे त्या बारा मिनिटांचा अर्थ धावणाऱ्याच्या दृष्टीने सांगण्याचा प्रयत्न करतो. २ तास ५० मिनिटांची मॅरेथॉन म्हणजे प्रत्येक किलोमीटर साधारण ४ मिनिटे २ सेकंदांत पार करणे, आणि २:३८:२१ म्हणजे प्रत्येक किलोमीटर ३ मिनिटे ४५ सेकंदांत. किलोमीटरमागे सतरा सेकंद हा फरक कागदावर लहान दिसतो, पण तो बेचाळीस वेळा आणि तोही मुंबईच्या दमट हवेत काढायचा असतो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा पायांतली शक्ती संपलेली असते, आणि तिथे नुसता दमसास असून भागत नाही. मांड्यांत आणि पोटऱ्यांत ताकद असावी लागते.

स्टीपलचेसने तिला नेमके हेच दिले असावे असे मला वाटते. रिओमधली तिची ९:१९.७६ ही वेळ म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या उड्यांसह किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ७ सेकंद. ज्या धावपटूच्या अंगात हा वेग मुरला आहे, तिला ३:४५ चा वेग तुलनेने सैल वाटू लागतो. आपल्याकडचे हौशी धावक वर्षानुवर्षे केवळ अंतर वाढवत राहतात आणि वेगाच्या सरावाकडे दुर्लक्ष करतात. माणगंगाकाठ यांनी दिलेल्या उदाहरणावरून माझ्यासारख्यांनी तरी आपला आठवड्याचा आराखडा तपासून पाहायला हवा.

धावपट्टी_आठ

एक दुरुस्ती नोंदवतो, कारण ललिताविषयीच्या बहुतेक लेखांत हे विधान अर्धवट येते. ‘१९८४ नंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय महिला’ असे लिहिले जाते, पण ते तसे बरोबर नाही. २००४ मध्ये अथेन्सला अंजू बॉबी जॉर्ज लांब उडीच्या आणि २०१२ मध्ये लंडनला कृष्णा पुनिया थाळीफेकीच्या अंतिम फेरीत होती. अथेन्सलाच भारताचा महिलांचा ४ × ४०० मीटर रिले संघही अंतिम फेरीत धावला होता. अचूक विधान असे करावे लागेल की धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत, लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्य हुकलेल्या पी. टी. उषानंतर अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय महिला. एवढ्या अटी घातल्याने तिचे यश लहान होत नाही. रिओनंतर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक झाली, आणि त्यांत धावपट्टीवरच्या अंतिम शर्यतीत एकही भारतीय महिला पोहोचली नाही.

रिओच्या प्राथमिक फेरीविषयीही थोडे सांगतो. प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघींना थेट प्रवेश होता आणि ललिता आपल्या गटात चौथी होती. तिला पुढे नेले ते तिच्या वेळेने. म्हणजे राष्ट्रीय विक्रम मोडला नसता तर कदाचित अंतिम फेरीही मिळाली नसती. नियमाप्रमाणे पंधरा जणी पुढे जाणार होत्या, पण दुसऱ्या एका गटात पडापडी झाल्याने आणखी तिघींना प्रवेश देण्यात आला. इथिओपियाची एतेनेश दिरो बूट निघाल्यावर एका पायाने अनवाणीच शर्यत पूर्ण करून आली होती, ती या तिघींपैकीच.

माणगंगाकाठ

दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात मी ते विधान टाळले होते, पण बोलताना माझ्याही तोंडून ते तसेच अर्धवट जाते. यापुढे काळजी घेईन.

गंगापूररोड

मी नाशिकचा, त्यामुळे कविता राऊतचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही, आणि तो या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेलाही आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी नाशिकला विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य जिंकून ती या स्पर्धेत धावपट्टीवरचे वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच अंतरात भारताच्याच प्रीजा श्रीधरनने ३१:५०.४७ आणि कविताने ३१:५१.४४ अशी वेळ दिली. पंचवीस फेऱ्या धावून दोघींत एक सेकंदाचेही अंतर नव्हते! आणि त्याच दिवशी सुधा सिंगने त्या स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले.

मूळ लेखकांशी माझा मतभेद एवढाच आहे की त्यांनी क्रीडाप्रकार बदलण्याच्या निर्णयाला जरा जास्तच श्रेय दिले आहे. कविता शेवटपर्यंत लांब पल्ल्यातच राहिली, २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २:३८:३८ वेळेसह मॅरेथॉन जिंकून रिओसाठी पात्र ठरली, आणि तिच्याही कारकिर्दीला कोणी कमी म्हणणार नाही. रिओत ती १२० वी आली हे खरे, पण तेव्हा तिने मॅरेथॉनमध्ये नुकतेच पाऊल ठेवले होते. ललिताच्या बाबतीत फरक पडला तो प्रामुख्याने प्रशिक्षकामुळे. २०१५ च्या त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये जैशा, ललिता आणि सुधा या पहिल्या तिघीही निकोलाय स्नेसारेव यांच्या शिष्या होत्या. जैशा तर स्टीपलचेसकडे वळली म्हणून सुधारली नव्हती.

माणगंगाकाठ

गंगापूररोड, आपला मुद्दा मला बराचसा मान्य आहे. बेलारूसहून आलेल्या स्नेसारेव यांनी भारतीय मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात जे घडवले, त्याची पुरेशी नोंद मराठीत झालेली नाही. प्रीजा, सुधा, जैशा, ललिता आणि पुढे काही काळ अविनाश साबळे एवढी नावे एका माणसाच्या शिबिरांतून गेली. ते अतिशय कडक होते, शिष्यांना महिनोन्‌महिने घरापासून दूर ठेवत आणि त्यांच्या सरावाच्या भाराविषयी मतभेदही होते. मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, पुन्हा भारतीय धावपटूंना शिकवायला आलेले असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्या जैशा आणि सुधा २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत मॅरेथॉनमध्ये अनुक्रमे अठराव्या आणि एकोणिसाव्या आल्या होत्या, आणि जैशाची तिथली २:३४:४३ ही वेळ राष्ट्रीय विक्रम ठरली होती.

तरीही एक गोष्ट प्रशिक्षकाला धावपटूच्या वतीने करता येत नाही. जिथे आपण पहिले येतो ती जागा सोडून जिथे आपण नवखे ठरू त्या जागी जायला कोणी सांगू शकतो, पण जावे लागते स्वतःलाच. आपल्याकडे रस्त्यावरच्या शर्यतींत बक्षिसे असतात, नाव छापून येते, आणि गावाकडच्या मुलामुलींचे घर अनेकदा त्या बक्षिसांवर चालते. अशी हमखास मिळकत असलेला रस्ता सोडून ज्या शर्यतीचे नावही गावात कोणाला उच्चारता येत नव्हते तिच्यामागे जाणे, याला मी श्रेय देतो ते म्हणूनच.

बालाघाटचा

अविनाश साबळेचे नाव निघाले म्हणून लिहितो. तो बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय, आणि महिलांत हा मान ललिताचा. म्हणजे या अवघड प्रकारातले आपल्या देशाचे दोन्ही ऑलिंपिक अंतिम फेरीचे धावपटू महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातून आले. हा योगायोग नसावा असे मला वाटते. पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या मुलखात अंगाला काटकपणा आपोआप येतो.

कोरडवाहू

बालाघाटचा, मी स्वतः त्याच पट्ट्यातली आहे आणि मला हे म्हणणे पटत नाही. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या लाखो मुली आमच्याकडे झाल्या आणि त्यांपैकी ऑलिंपिकला पोहोचली एक. दुष्काळाने धावपटू घडत असते तर आमच्या प्रत्येक वाडीत एक ललिता असती. दुष्काळाने बहुतेक मुलींची शाळा सुटते आणि लग्न लवकर होते. ललिताताई पुढे गेल्या त्या घरच्यांनी धावू दिले म्हणून, रेल्वेची नोकरी मिळाली म्हणून आणि राष्ट्रीय शिबिरात आहार, डॉक्टर व प्रशिक्षक मिळाले म्हणून. साबळेही सैन्यात गेला आणि तिथे त्याच्यातला धावपटू ओळखला गेला. दुष्काळाला श्रेय दिले की ज्या सोयी द्यायला हव्यात त्या देण्याची जबाबदारी संपते, एवढ्यासाठी मी हे जरा ठामपणे लिहिले आहे.

बालाघाटचा

आपले म्हणणे योग्य आहे. मी माझे विधान मागे घेतो.

पहाटधाव

एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. रिओच्या वेळी ललिता केवळ सत्तावीस वर्षांची होती. लांब पल्ल्याच्या धावपटूंची उत्तम वर्षे बहुधा त्यानंतरच येतात. मग तिची कारकीर्द इतक्या लवकर का आटोपली?

धावपट्टी_आठ

२०१६ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये तिचे लग्न झाले आणि त्यानंतर मोठ्या स्पर्धांत ती जवळपास दिसली नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने खेळाडूंसाठीच्या थेट नियुक्तीतून तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतले. तिच्या खासगी निर्णयांविषयी तर्क करणे मला योग्य वाटत नाही. विक्रमाविषयी मात्र सांगता येईल. तिचे ९:१९.७६ सात वर्षे टिकले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठच्या पारुल चौधरीने ९:१५.३१ धावून ते मोडले. त्या अंतिम शर्यतीत पारुल अकरावी आली, तर बीजिंगमधली ललिता आठवी होती. वेळ पुढे गेली, पण तो आठवा क्रमांक अजून जागेवरच आहे.

कोरडवाहू

तिच्या नोकरीविषयी हळहळ व्यक्त करणारे लोक मला भेटतात, आणि त्यांना मी एवढेच सांगते की आमच्या तालुक्यातल्या मुलींना ऑलिंपिक आणि महसूल खाते या दोन्ही गोष्टी तोवर सारख्याच लांब होत्या. एकाच बाईने दोन्ही गाठून दाखवल्या याचे आम्हांला अप्रूप आहे.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या दोन मुली जिल्हा स्तरावर ३,००० मीटर चांगल्या धावतात आणि हा धागा वाचून त्यांना स्टीपलचेसची गोडी लावावी असे मनात आले. आमच्या मैदानावर चुन्याने आखलेली फेरी आहे, बाकी काही नाही. सुरुवात कशी करावी, हे कोणी सांगू शकेल का?

धावपट्टी_आठ

नक्की सांगतो. शर्यतीत २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे प्रत्येक पूर्ण फेरीत पाच. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. वरचा दांडा १२.७ सेंटिमीटर जाडीचा चौकोनी असतो आणि सबंध अडथळ्याचे वजन ८० ते १०० किलो. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीतल्यासारखा तो धक्क्याने पडत नाही, त्यामुळे पाय अडकला तर पडते ती धावपटू. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण उंची ठेवू नका. गुडघ्याइतक्या उंचीवर, ठोकर लागली की निसटेल असा हलका बांबू ठेवा, आणि वेग न तोडता तो ओलांडायची सवय दोन्ही पायांनी करून घ्या. दमल्यावर पावलांचा हिशेब चुकतो आणि नेहमीचा पाय पुढे येतोच असे नाही, म्हणून डावा-उजवा दोन्ही तयार हवेत.

पाण्याच्या उडीसाठी खड्ड्याची आवश्यकता सुरुवातीला नसते. खरा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो आणि तो अडथळ्यालगत सर्वांत खोल असून पुढे उतरत वर येतो. म्हणून दांड्यावर एक पाय टेकवून पुढे झेपावतात, एक पाय उथळ पाण्यात पडतो आणि दुसरा थेट कोरड्यावर. याचा सराव लांब उडीच्या वाळूच्या हौद्यात करता येतो. हौद्याच्या कडेला भक्कम, न हलणारी लाकडी पेटी ठेवा, तिच्यावरून झेप घ्यायला लावा आणि मुली किती लांब उतरतात ते वाळूतल्या खुणेवरून मोजा. धावण्याचा त्यांचा नेहमीचा सराव चालूच ठेवा आणि आठवड्यातून दोनच दिवस हे करा.

खडूफळा

आमच्याकडे वाळूचा हौदा आहे आणि गावातल्या सुताराकडे बाभळीचे जुने वासे पडून आहेत. सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन पेटीचे माप देते.